भोकर तालुक्यातील आद्य उद्योग : स्वरूप आणि अवस्था

तालुक्यात उपजणाऱ्या कच्च्या मालावर तालुक्यातच होणारी पहिली प्रक्रिया, असा ‘आद्य उद्योग’ या संज्ञेचा अर्थ येथे घेतला आहे. कापूस पिकवणे ही शेती. वेचलेल्या कापसातून सरकी काढणे हा उद्योग. या व्याख्येनुसार भोकरच्या आद्य उद्योगांचे तीन प्रकार होतात : (१) कारागिरी, (२) वनोपज, (३) कापूस.

पहिल्या प्रकारात सुतार, कुंभार आणि तेल्याचा घाणा येतात. यांचा माल बहुतांशी गावातच खपे व मोबदला प्रायः धान्यरूपाने मिळे. म्हणून वाहतूक येथे निर्णायक नव्हती. दुसऱ्या प्रकारात माल बाहेर जात असल्याने ती निर्णायक होते. सागवान किंवा तेंदूपान यांवर स्थानिक संस्कार अल्प. तोडणे, वाळवणे, बांधणे एवढाच. शिवाय वनावरील स्वामित्व राज्यसत्तेचे असल्याने स्थानिकांच्या वाट्याला मुख्यतः मजुरी आली.

तिसऱ्या प्रकारात वजन हेच तत्त्व ठरते. शंभर किलो कापसातून सुमारे एक-तृतीयांश रुई निघते. उरलेली बहुतेक सरकी. जिनमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रात, चामडी रूळ तंतू ओढून घेतो, पाते सरकी अडवते आणि ती खाली पडते. सरकी न काढलेला कापूस दूर नेणे म्हणजे एक भाग रुईसाठी दोन भाग सरकी वाहणे. म्हणून जिन शेताजवळच हवा. परंतु रुई दाबून तिची गाठ बांधली की हे बंधन सुटते. गाठ कोठेही जाऊ शकते. सूतगिरणी भांडवल, पाणी व कामगार पाहून जागा निवडते. नांदेडची उस्मानशाही मिल आणि मुंबईच्या गिरण्या यांचे स्थान असेच ठरले.

भोकरच्या कापूस-उद्योगाच्या अवस्था तीन. पहिलीत माल बैलगाड्यांनी आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांनी जाई. दुसरी लोहमार्गाची : विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-मनमाड मार्ग नांदेडवरून पूर्ण झाला, पुढे मुदखेडहून किनवट-आदिलाबादकडे निघालेल्या फाट्यावर भोकर स्थानक आले. तिसरी राज्यव्यवस्थेची : सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी सत्ता संपली, १९५६ च्या पुनर्रचनेत मुधोळ तालुक्याचा भैसा ज्यात होते तो भाग आंध्र प्रदेशात गेला, तर किनवट नांदेड जिल्ह्यात आले. एकाच कापूसपट्ट्यातून राज्यसीमा गेली. १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेत महाराष्ट्राचा कापूस शासनालाच विकणे बंधनकारक झाल्याने या सीमेला आर्थिक अर्थही प्राप्त झाला.

यावरून निष्पन्न होते ते असे. भोकरचा उद्योग पहिल्या प्रक्रियेपाशी थांबला, याचे कारण येथील माणसांच्या कौशल्यातील उणीव नव्हे. ज्या प्रक्रियेस शेताचे सान्निध्य आवश्यक होते ती येथे राहिली; जिला ते आवश्यक नव्हते ती भांडवलामागे गेली, आणि मूल्यवृद्धीचा मोठा भाग तिच्याबरोबर गेला. म्हणून अशा तालुक्याचा इतिहास धुराड्यांच्या संख्येने मोजू नये. प्रत्येक मालाविषयी एकच प्रश्न विचारावा : तो सीमेबाहेर कोणत्या रूपात गेला? याचे उत्तर जिनच्या वह्या, मालधक्क्याच्या नोंदी आणि बाजार समितीची आवक-पुस्तके यांतच सापडेल. ताम्रपटांइतक्याच काळजीने ही कागदपत्रे जपली पाहिजेत. त्यांवाचून श्रमणाऱ्या तालुक्याचा इतिहास लिहिताच येणार नाही.