अण्णांचे कार्य आणि बायांचा संसार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तुम्हीही चार ओळी लिहा, असा अध्यक्षबाईंनी आग्रह केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वाचनाची आवड आहे, म्हणून हे धाडस करते.

आपल्या मंडळात कोणताही कार्यक्रम ठरला की एखादी तरी म्हणतेच, “यायचे तर आहे, पण घरचे काय म्हणतील?” कापूस वेचणीच्या दिवसांत तर हे फारच ऐकू येते. आपल्या मनाप्रमाणे वागावे की आपल्या माणसांचे पाहावे, हा प्रश्न जुना आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या घरातही तो होता.

अण्णासाहेब कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई 1891 साली वारली. पुढे 11 मार्च 1893 रोजी त्यांनी पुण्यात विधवेशी विवाह केला. ती वधू म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई. तिला बालपणीच वैधव्य आले होते. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेली ती पहिली विधवा. लग्नानंतर ती आनंदीबाई झाली. पण लोक तिला बाया म्हणूनच ओळखतात.

लग्न दोघांनी आपल्या खुशीने केले. शिक्षा मात्र घरच्यांनाही झाली. मुरुड गावाने ठराव केला की, कर्वे ज्या सभेत असतील तेथे कोणी बसू नये. घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरालाही वाळीत टाकावे. म्हातारी आई आणि थोरला भाऊ गावातच राहणारे. मुलगा गावी आला तरी आईला त्याला घरात घेण्याची चोरी! विवाह झाला तो पुण्यात, आणि डोळे पुसले मुरुडच्या माउलीने.

1896 साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. 1900 साली तो हिंगण्याला गेला. फर्ग्युसन कॉलेजातले शिकवणे आटोपून अण्णा चारेक मैल पायी आश्रमात जात. बायांनी मात्र आश्रमापासून दूर राहायचे! त्या पुनर्विवाहित, त्यांची सावली पडली तर लोक विधवा मुलींना तेथे पाठविणार नाहीत, ही भीती. त्यांची सख्खी बहीण पार्वतीबाई आश्रमात, आणि बाया मुले सांभाळीत शहरात. त्यातच अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. मुलांचे पुढे काय, म्हणून बायांना फार दुःख झाले. त्यांचे काय चुकले?

पण बाया नुसत्या रडत बसल्या नाहीत. मनात होते ते त्यांनी ‘माझे पुराण’ या पुस्तकात स्पष्ट सांगितले, आणि ज्या आश्रमाने त्यांना दूर ठेवले त्याच्यासाठी घरोघर जाऊन वर्गणीही गोळा केली. 1950 साली त्या गेल्या. अण्णांना 1958 साली भारतरत्न मिळाले. त्या मानात बायांचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

अण्णांना नावे ठेवण्याची माझी पात्रता नाही. ते नसते तर आज आपण हे मंडळ काढून बसलो असतो का? माझे म्हणणे इतकेच की, एकाच्या स्वातंत्र्याचा भार घरातल्या दुसऱ्या माणसावर पडतो; म्हणून त्याला आधी विचारावे आणि तो भार सर्वांनी वाटून घ्यावा.

हे लिहिण्यास कारणही घडले. माझ्या मुलीला नर्सिंगसाठी नागपूरला जायचे आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. “ही गेल्यावर आजीचे कोण करील?” असे घरात निघाले. सगळे बोलले, पण आजीला कोणी विचारलेच नव्हते. मी विचारले. त्या म्हणाल्या, “जाऊ दे वं पोरीले. मले पानी द्याले तुहा पोरगा हाये नं घरात!”

आता मुलगा सकाळी आजीचे तोंड धुऊन चहा पाजतो. मुलगी पुढील महिन्यात निघेल. भगिनींनो, “घरचे काय म्हणतील” असे म्हणून परत फिरण्याआधी घरच्यांना एकदा विचारून तरी पाहा.