फ्लाय फिशिंग शिकवणाऱ्याला कोण शिकवणार?

आर. के. पुरममधल्या आमच्या घरापासून वेस्ट ब्लॉक चार ही सरकारी इमारत चालत जाण्याइतकी जवळ आहे. केंद्रीय सैनिक बोर्ड तिथे, माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं महासंचालनालयही तिथेच. जायबंदी जवानाचं पुढे काय, हा प्रश्न शेवटी याच पत्त्यावर येऊन पोचतो. त्या बाजूला फिरायला गेलो की मला माझी एक चूक आठवते. आजची गोष्ट तिथूनच सुरू करतो.

नव्वदच्या दशकात आमच्या पलटणीतल्या एका हवालदाराचा डावा हात सुरुंगात कोपराखाली गेला. नवा हात बसवून घ्यायला तो पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात आला होता, आणि मी एका कोर्ससाठी पुण्यातच होतो. काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये मला फ्लाय फिशिंगचा नाद लागलेला. (ट्राउट मासा मूळचा काश्मीरचा नव्हे बरं का. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी आणून तिथल्या नद्यांत वाढवली.) म्हटलं, गडी खचलाय, याला पाण्यावर नेऊ. एका रविवारी पवनेच्या काठी गेलो. दोरी मी सोडली, ओढलीही मीच, काठी तेवढी त्याच्या उजव्या हातात दिली. वीतभर मासा लागला. मी टाळ्या वाजवल्या. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मासा तुम्ही पकडलात."

हे वाक्य मला बरीच वर्षं पुरलं.

आता इतिहासाकडे येऊ. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीच्या पुढाकाराने. पुढे ही शाळा खडकीला गेली आणि आजही आहे. तेव्हाचा प्रश्न सरळ होता: हा माणूस पोट कसं भरणार? म्हणून शिकवायला कारागीर नेमायचे. कारागिराला कसब येत असे, पण एका हाताच्या माणसाला ते कसं द्यायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसे. तो आपला करत करत शिकायचा.

दुसऱ्या महायुद्धात एक वेगळा माणूस आला. क्लूथा मॅकेन्झी, न्यूझीलंडचा, गॅलिपोलीच्या लढाईत दोन्ही डोळे गेलेला. लंडनच्या सेंट डन्स्टन्समध्ये तो स्वतः नव्याने जगायला शिकला, आणि १९४३ मध्ये डेहराडूनला त्याने दृष्टी गेलेल्या हिंदी सैनिकांसाठी तसंच केंद्र उभं केलं. चालवणाराच आंधळा! माझ्या मते आपल्याकडचं या क्षेत्रातलं सर्वांत मोठं वळण हेच, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. समोरच्याला काय अडतं हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

खेळाची बाजू आली ती इंग्लंडमधून. नाझी जर्मनीतून निसटलेले डॉक्टर लुडविग गुटमान यांनी स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात मणक्याच्या रुग्णांना खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ जायबंदी माजी सैनिकांची तिरंदाजी झाली. त्यातून पॅरालिंपिक उभं राहिलं. १९७२ साली हायडेलबर्गला आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकलं. ईएमईचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला होता. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झालं.

आणि फ्लाय फिशिंग? ते या रांगेत आलं २००५ मध्ये, अमेरिकेत. वॉल्टर रीड लष्करी इस्पितळात नौदलाचे निवृत्त कॅप्टन एड निकल्सन यांनी इराक-अफगाणिस्तानहून आलेल्या जखमींना हे शिकवायला घेतलं. प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स ते हेच.

हेच का निवडलं असेल? नेहमीच्या गळात शिशाचं वजन फेकायचं असतं. इथे गळावर नुसती पिसं आणि दोरा गुंडाळलेली खोटी माशी. तिला वजनच नाही. वजन असतं दोरीत. काठी मागे नेऊन थांबवायची, दोरी मागे सरळ होऊ द्यायची, मग पुढे. ताकद कमी लागते, थांबण्याचं भान जास्त. पण म्हणूनच शिकवणाऱ्याची तयारी हवी. व्हीलचेअरवरचा माणूस जमिनीच्या जवळ असतो, मागची दोरी गवतात अडकते. त्याला काठी जरा उंच थांबवायला आणि आधी थोडीच दोरी सोडायला सांगावं लागतं. चाकांचे ब्रेक लावलेत का, हे पाण्याकडे बघण्याआधी बघायचं. मणका दुखावलेल्याला बसल्या जागी त्वचा सोलली तरी कळत नाही, म्हणून ठरावीक वेळाने भार हलवायला लावायचं. ऊन वाढलं तर त्याला घाम नीट येत नाही. बिनकाट्याचा गळ वापरायचा. यातलं एकही मला पवनेकाठी माहीत नव्हतं. माझ्याकडे होती फक्त कणव.

आपल्याकडे १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे अशांना प्रशिक्षण आणि नोंदणी त्यामुळे सक्तीची झाली. मैदानावर किंवा पाण्यावर शिकवणारा मात्र त्या यादीत नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये २०१७ पासून आर्मी पॅरालिंपिक नोड चालतो, पदकंही येतात, पॅरिसला होकातो सेमांनी गोळाफेकीत कांस्य आणलं. पण पदकासाठी नव्हे, नुसतं नदीकाठी जायचंय अशा माणसाला शिकवणारा कुठे तयार होतो?

राहिली हवालदाराची गोष्ट. पुढच्या रविवारी त्यानेच मला परत नेलं. काठी डाव्या काखेत दाबली आणि उजव्या हाताने दोरी ओढून दाखवली. नंतर म्हणाला, "साहेब, आता तुम्ही डावा हात बांधून बघा." मी रुमालाने हात पट्ट्याला बांधला. माशी बांधायची गाठ दातांत दोरी धरून मारायला मला पाऊण तास लागला. तोवर त्याने दोन मासे काढले होते.