दारातले विमान

देवळाच्या दाराशी जय-विजय, वाड्याच्या दाराशी दगडी सिंह आणि किल्ल्याच्या दाराशी तोफ. दारात कुणीतरी राखणदार हवा, ही आपली जुनी रीत. हवाई दलानेही ती सोडलेली नाही. लष्करी विमानतळाच्या फाटकापाशी चौथऱ्यावर नाक वर करून उभे असलेले जुने लढाऊ विमान तुम्ही पाहिले असेल. इंग्रजीत त्याला 'गेट गार्डियन' म्हणतात. मी द्वारपाल म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ही प्रथा चांगली रुजली. निवृत्त झालेली स्पिटफायर आणि हरिकेन विमाने तळांच्या दारात उभी राहिली. पण ऊन-पाऊस कुणाचा पराक्रम पाहत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अनेक ठिकाणी अस्सल विमान हलवून त्याच्या जागी फायबरग्लासची प्रतिकृती ठेवावी लागली.

आम्हा सोलापूरकरांना विजापूर जवळचे. तिथली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, परांड्याच्या किल्ल्यावर राहिली आणि पुढे विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला, तर बोली आली दीडशे रुपयांची! अखेर लिलाव रद्द झाला आणि तोफ वाचली. निकामी झालेल्या शस्त्रापुढे दोनच वाटा असतात. एक भंगाराची, दुसरी चौथऱ्याची.

१९७१च्या युद्धात गाजलेल्या विक्रांत नौकेच्या नशिबी पहिली वाट आली. १९९७ साली ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये तिची मोडतोड सुरू झाली. तिच्यावरून उडणाऱ्या सी हॉक जातीचे विमान मात्र गोव्यात, बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात पाहायला मिळते. पुण्यात दक्षिण कमांडच्या युद्धस्मारकात मिग-२३ आहे. या जातीची विमाने १९९९च्या कारगिल युद्धात लढली होती.

चौथऱ्यावर चढवण्याआधी विमानाचे इंजिन आणि शस्त्रे काढून घेतात. वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या आसनातली स्फोटकेही काढतात. पाखरांनी घरटी करू नयेत म्हणून तोंडे बुजवतात. वर ताजा रंग देतात. मुले कौतुकाने पाहतात, मोठी माणसे फोटो काढतात. मी कवी माणूस. माझी नजर जाते ती त्या रिकाम्या खुर्चीकडे.

मिग-२१चेच पाहा. हे विमान १९६३ मध्ये हवाई दलात आले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला आणि मराठी कामगारांचे हात या विमानाला लागले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षांची सेवा! पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले, की ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने अपघातात सापडली आणि १७१ वैमानिक गेले. शिवाय ३९ नागरिकही. त्या वैमानिकांत फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ होता. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१च्या अपघातात तो गेला. मुलाचे नाव निष्कलंक राहावे म्हणून त्याच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, वर्षानुवर्षे लढा दिला.

आता निवृत्त मिग-२१ आणखी कुठे कुठे चौथऱ्यांवर चढतील. जरूर चढावीत. भंगारापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र मी पाहिलेल्या फलकांवर वेग असतो, पल्ला असतो, सेवेची वर्षे असतात. माणसाचे नाव क्वचित.

सोलापूरला हे पटायला हरकत नाही. १९३०च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही चार नावे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्यांच्यासाठी आम्ही तोफ उभी केली नाही, पुतळे उभे केले. विमानाच्या चौथऱ्यावरही, रंगाचा नवा हात देताना, त्या विमानासोबत गेलेल्यांची नावे कोरावीत. द्वारपालाने दार राखावे, तशी नावेही राखावीत.