‘संप्रेरकाची सुई’ : एका नावाचा इतिहास

अमरावती-अकोल्याकडील स्तनकर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया उपचारार्थ कधी नागपुरास, तर कधी मुंबईस परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाशी वऱ्हाडचा एक वेगळाच ऋणानुबंध आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) नावाची दादर येथील धर्मशाळा परगावच्या कर्करुग्णांना आजही आसरा देते. गावी परतताना पुष्कळदा रुग्णेसोबत महिन्या-महिन्यास घ्यावयाच्या इंजेक्शनाची चिठ्ठी असते. घरात तिचे नाव पडते ‘हार्मोनची सुई’. हे नाव अपुरे तर आहेच, पण दिशाभूल करणारेही आहे.

‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०५ साली चालविला. त्याच्या मुळाशी ‘चालना देणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आहे. मराठीतील ‘संप्रेरक’ हा शब्दही ‘ईर्’ या प्रेरणार्थक धातूवरूनच सिद्ध होतो. दोन्ही शब्द चालना सुचवितात. उपचार मात्र बहुधा ती चालना बंद करण्याचा असतो. शिवाय उपचार हा शब्दाहून जुना. ग्लासगोच्या बीटसन यांनी बीजकोश काढून टाकल्याने काही स्त्रियांच्या स्तनातील गाठी ओसरल्याचे १८९६ मध्येच प्रसिद्ध केले होते. पुढे एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनाने त्याचा उलगडा झाला. काही गाठींच्या पेशींत स्त्री-संप्रेरक धरून ठेवणारा ‘ग्राही’ असतो आणि अशाच गाठी त्या संप्रेरकावर पोसतात.

संप्रेरक प्रत्यक्ष देण्याचा प्रयोगही झाला, आणि तो मुंबईत झाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या गाइज रुग्णालयातील २४९ स्त्रियांच्या नोंदींवरून १९९१ मध्ये असे दाखविले की, मासिक पाळीच्या कोणत्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली यावर पुढील आयुर्मान अवलंबून असावे. पाळीच्या उत्तरार्धात शरीरात प्रोजेस्टेरॉन अधिक असते. मग तेच आधी टोचले तर? १९९७ ते २००८ या काळात टाटा रुग्णालयात १००० स्त्रियांवर ही कसोटी घेण्यात आली. निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी ५ ते १४ दिवस हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे ५०० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन दिले गेले. २०११ मध्ये निष्कर्ष आला. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता लक्षणीय फरक नव्हता. तथापि काखेतील लसिकाग्रंथींत रोग पोहोचलेल्या ४७१ जणींत पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ५४.७ वरून ६५.३ टक्क्यांवर गेले. एका उपगटातील फरकावर सार्वत्रिक उपचार उभारता येत नाही, आणि तो तसा उभारला गेलाही नाही. परंतु इतके स्वस्त औषध या रीतीने तपासून पाहण्याचे मोल कमी होत नाही.

आज रुग्णेच्या चिठ्ठीवर असते ते इंजेक्शन मात्र उलट्या कामाचे. गोसेरेलिन ही पोटाच्या कातडीखाली दर २८ दिवसांनी बसविली जाणारी ३.६ मिलिग्रॅमची बारीक कांडी होय. तिने प्रथम काही दिवस संप्रेरक वाढते व मग बीजकोशांचे काम थांबते. पाळी बंद झाली म्हणून घाबरण्याचे कारण नसते, पण अंगात उष्णतेचे लोट येतात, हाडे विरळ होतात. फुल्व्हेस्ट्रंट तर ग्राहीच नष्ट करते. ५०० मिलिग्रॅमची मात्रा दोन भागांत, दोन्ही कुल्ल्यांत एकेक, सावकाश टोचतात. पहिल्या महिन्यात १, १५ व २९ या दिवशी, नंतर महिन्यास एकदा. औषध ज्यात मिसळलेले असते त्यात एरंडेल असते, म्हणून ते हळूहळू अंगात भिनते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास हे आधी सांगणे अगत्याचे, कारण सुई स्नायूत खोल जाते.

‘ताकदीची सुई’ समजून, बरे वाटू लागताच ती सोडून देणे किंवा पेरणीच्या दिवसांत पुढे ढकलणे यात नावाचाही दोष आहे. ‘संप्रेरकरोधक’ हा शब्द जिभेला जड खरा. ‘हार्मोन अडविणारी सुई’ म्हटले तरी काम भागते. गाठीच्या तपासणीच्या कागदावर ई.आर. व पी.आर. या अक्षरांपुढे काय लिहिले आहे, हे रुग्णेने सुई घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. ही दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर स्तनकर्करोगावर या सुईचा उपयोग नसतो.