शाहिरांच्या तबकड्या आणि पुसलेली नावे

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे आपल्या चालक भगिनींनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. परंतु आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत थोडासा इतिहास आहे, तो सांगावासा वाटला.

माझे सासरे परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर काम गेले व कुटुंब भाईंदरला आले. येताना मामंजींनी चावीचा फोनो व पंधरा-वीस तबकड्या आणल्या. त्यांतील शाहीर साबळे यांच्या तबकड्यांना ते दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नसत.

शाहीर कृष्णराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी वाईजवळच्या पसरणी गावी झाला. अमळनेरला शिकताना त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल व शाहिरांचा आवाज यांतून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घरोघरी पोचले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत झाले. हा मान पाहायला शाहीर नव्हते; २० मार्च २०१५ रोजी ते गेले.

त्या काळची तबकडी लाखेची. मिनिटाला ७८ फेरे फिरे व एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच गाणे मावे. म्हणून लांब पोवाड्याला एक तर कात्री लागे, नाहीतर तो दोन बाजूंवर वाटला जाई. तबकडीच्या मध्यभागी गोल कागदी चिठ्ठी असे. तीवर गायक, कवी व संगीतकार यांची नावे छापलेली असत.

२६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले. तबकड्या मी धुऊन, पुसून, सावलीत वाळवल्या. आवाज वाचला, पण चिठ्ठ्या सुटून गेल्या. गाणी राहिली, नावे वाहून गेली! मामंजी काही बोलले नाहीत, पण पेटी माळ्यावर ठेवायचे मीच विसरले होते.

नावे शोधण्यासाठी मी कॅसेटी, मग सीड्या घेतल्या. नाव नवे, वेष्टन नवे. आत मात्र बहुतेक तीच गाजलेली गाणी! ध्वनिमुद्रण कोणत्या सालचे, ते कुठे सापडेना. कवीचे नावही कित्येकदा नसे. सासूबाई ऐकून म्हणाल्या, “अगं, हा आवाज पोक्त आहे. आपल्या तबकडीतला कोवळा होता.” त्यांचे खरे की माझे, हे ठरवायला सालच नाही. खपणारे गाणे पुन्हा पुन्हा निघते. न खपलेले जुन्या तबकडीतच राहते. राज्यगीतातदेखील मूळ गीताचे दोनच चरण घेतले आहेत. म्हणून मूळ तबकडी जपायची.

शेवटी सासूबाईंनाच शेजारी बसवून मी एकेक तबकडी लावली. त्यांना आठवले ते वहीत उतरवले. त्या वेळी त्यांनीच सांगितले की, शाहिरांच्या प्रथम पत्नी भानुमतीबाई स्वतः कवयित्री होत्या व शाहिरांसाठी त्यांनी गीते रचली. इतकी वर्षे गाणी ऐकून मला हे ठाऊक नव्हते. बाईचे नाव किती सहज पुसले जाते, भगिनींनो!

वहीत आज नऊ तबकड्यांची नोंद पुरी झाली आहे. बाकीच्या तशाच आहेत. सासूबाईंचे वय पाहता मला घाई वाटते. आपल्याही घरी जुन्या तबकड्या, कॅसेटी असतील. त्या आडव्या रचू नका, पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवा. ऊन व ओल लागू देऊ नका. चिठ्ठीवरची नावे आजच वहीत लिहून ठेवा. आणि घरात एखादी वृद्ध बाई असेल, तर तिला आधी विचारा. तबकडी पुन्हा धुता येते. विसरलेले नाव सांगणारे माणूस पुन्हा मिळत नाही.