काट्याचा काटा : कणांचं वजन कुणी तपासलं?

लकडगंजात लाकडाचा ट्रक धरमकाट्यावर चढतो, तेव्हा काटा खरा की खोटा हे कसं कळतं? वैधमापन खात्याचे निरीक्षक येतात, शिक्क्याची वजनं ठेवून बघतात. तत्त्वज्ञानात आम्ही हाच प्रश्न जन्मभर घोळवला: मापावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारानं? आज तो भौतिकशास्त्राला विचारू.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सीएमएस नावाचा शोधक आहे. त्याचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं केला. कॅलरीमीटर म्हणजे कणांच्या ऊर्जेचा काटाच. कण पितळ, लोखंड अशा धातूत आपटतो, नव्या कणांचा सडा पडतो, आणि सिंटिलेटर या खास प्लास्टिकच्या पट्ट्यांत प्रकाश उमटतो. आतल्या कॅलरीमीटरमधून निसटलेली ऊर्जा मुंबईच्या या थरानं पकडायची. ती पकडली नाही तर काय? ‘कुणी अदृश्य कण ऊर्जा घेऊन पळाला’ असं वाटेल, आणि खोटाच शोध जाहीर व्हायचा!

पण इतक्या प्रकाशाची ऊर्जा किती, हे नुसतं कागदावर ठरत नाही. ओळखीचा कण सोडून बघावं लागतं, आणि असं शिक्क्याचं वजन बाजारात मिळत नाही. ते घडवायला एच-टू ही बीमलाइन. 400 जीईव्हीचे प्रोटॉन लक्ष्यावर आदळतात, नाना कण निघतात. चुंबकातून जाताना जास्त संवेगाचे कमी वळतात, कमी संवेगाचे जास्त. योग्य जागी फट ठेवली, की हवे तेवढेच पुढे.

पंचाईत झाली ती हलक्या वजनांची, बरं का. 2 जीईव्हीचा पायॉन सरासरी 110 मीटरच्या आसपास विघटित होतो, आणि वाट तर शेकडो मीटरची! म्हणून 2004 मध्ये शोधकाच्या जवळ दुसरं लक्ष्य ठेवून 2 ते 9 जीईव्हीचे कण तिथेच तयार केले. त्यांत इलेक्ट्रॉन, म्यूऑन, प्रोटॉन यांची भेसळ. मग चेरेन्कोव्ह गणक आणि उड्डाणवेळ मोजणारी यंत्रं लावून एकेकाला ‘तू कोण?’ विचारायचं. एवढा खटाटोप का? तर टकरीतून निघणाऱ्या मोठ्या झोतातही असे बारीक कण पुष्कळ असतात.

2006 मध्ये 2 ते 350 जीईव्हीपर्यंत मोजणी झाली. दिसलं असं, की हलक्या पायॉनला हा काटा प्रमाणापेक्षा कमी तोलतो. व्यापाऱ्यानं असा काटा परत केला असता. इथे मात्र कोणत्या ऊर्जेला किती भर घालायची, त्याचा हिशेब बांधला गेला.