१७ सप्टेंबर : एक तारीख, तीन आठवणी

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या हिंगोलीत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. मीही जातो. १९४८ साली याच दिवशी निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदी जाहीर केली. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता.

भाषणांत रझाकारांचे जुलूम येतात, आणि ते यायलाच हवेत. पण ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांचं नाव मी तिथं कधी ऐकलं नाही. संस्थान भारतात विलीन व्हावं, असं ते लिहीत. म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांना ठार केलं. पोलीस ॲक्शननंतर मारल्या गेलेल्या निरपराध मुसलमानांची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली. तो अहवालही कित्येक वर्षं दडून राहिला.

याच तारखेला १९१५ मध्ये पंढरपुरात मकबूल फिदा हुसेन जन्मले. भारताच्या या चित्रकाराला २०११ मध्ये मरण आलं ते लंडनला.

तारीख कुणा एका जमातीची नसते. येत्या १७ सप्टेंबरला तिरंग्याला सलाम करून मी शेजारी उभ्या असलेल्या पोरांना शोएबुल्लाह खानांची गोष्ट सांगणार आहे. तुम्हीही सांगा.